कोरा समास

भोपाळहून तार आली तेव्हा मी आलेली डाक लावत बसलो होतो. नारायणराव गेले, एवढंच तीत होतं. ना विषय, ना 'महोदय', ना खाली 'आपला नम्र'... असला मजकूर नारायणरावांनी परत पाठवला असता, असं पहिल्यांदा मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्याला आता दीड महिना झाला.

नागपूरच्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि मी नवा कारकून. माझं पहिलं पत्र त्यांनी न वाचताच परत केलं, कारण त्याला समास नव्हता. मग त्यांनी एक कोरा ताव घेतला, डावीकडून तिसरा हिस्सा दुमडला आणि अंगठ्याच्या नखानं घडी दाबली. उजवीकडे वर पत्ता आणि तारीख, मग 'प्रति', विषय एका ओळीत, कारण, विनंती, सही. घडीच्या डावीकडे एक अक्षर जाता कामा नये, ती जागा साहेबांच्या शेऱ्याची. त्यांचे वडील गांधीबागेपलीकडे हातमागावर लुगडी विणायचे. काठाशिवाय लुगडं नाही आणि समासाशिवाय अर्ज नाही, असं नारायणराव आम्हाला ऐकवायचे. दुसरा नेम असा की अर्जात रडायचं नाही. आईच्या दुखण्यात मी रजेसाठी पानभर लिहिलं होतं, त्यातल्या दोन ओळी त्यांनी ठेवल्या, आणि रजा मिळाली. तेव्हापासून त्यांचा शब्द मी प्रमाण मानला. आज वाटतं, तिथंच चुकलं.

राज्यांची फेररचना झाली आणि कचेरी वाटली गेली. मी इथं राहिलो, नारायणराव भोपाळला. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हाताऱ्या सासूपायी नागपुरातच राहिल्या. तिकडे एका भाड्याच्या खोलीत हाताने पोळ्या भाजता भाजता नारायणरावांचा खोकला छातीत उतरला. परत येऊ पाहणाऱ्यांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. त्यांचाही आला, घडी कशी सुरेख! कारण मात्र तीनच शब्दांत, 'घरगुती अडचणीमुळे विनंती'. साहेबांनी विचारलं, यात तातडीचं काय? मी तोंडी सगळं सांगितलं. कागदावर नाही त्यावर शेरा कसा मारू, म्हणाले, आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. साहेबांचंही काय चुकलं...

दिवाळीला नारायणराव आले ते ओळखू येईनात. मी हात जोडून म्हटलं, दुखणं लिहा, डॉक्टरचा दाखला लावा. ते ओसरीवर धापा टाकत बसले होते.

"मी कारण लिवलं गा," ते म्हणाले. "साहेबाले अजून काही पाहिजे असन तं त्यायनं विचारावं. त्याच्याचसाठी तं समास सोडून राहिलो इतकी वर्सं."

"अन् नाही विचारलं तं?"

 आत काकूंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

शेवटी मीच त्यांच्या नावानं नवा अर्ज लिहिला. छाती, रक्त, म्हातारी आई, सगळं त्यात घातलं आणि सहीसाठी भोपाळला धाडला. तारेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या अक्षरातलं पाकीट आलं. दिवसभराची डाक संपवून मग मी ते फोडलं. माझ्या अर्जावर लाल पेन्सिल फिरली होती. छाती खोडलेली, रक्त खोडलेलं, आईसमोर 'विषयाशी संबंध नाही'. शेवटची ओळ होती, 'मला माझ्या घरी यायचे आहे.' तीही आधी खोडली होती. मग तिच्याखाली टिंबं दिली होती. आमच्या कचेरीत त्याचा अर्थ, खोडणं रद्द, ओळ तशीच ठेवावी. तळाशी सूचना होती, "साफ प्रत काढून पाठवावी, सही करतो."

रविवारी मी साफ प्रत काढली. ताव दुमडला, नखानं घडी दाबली, ती एक ओळ घातली. पाठवणार कुठे? मयताचा अर्ज कचेरीत घेता येत नाही आणि काकूंच्या हाती तो द्यायचा मला धीर नाही. तो माझ्या खणात आहे. सहीची जागा मोकळी, समासही मोकळा. दोन-तीनदा टाक उचलला, वाटलं, आपणच तिथं लिहावं, 'मंजूर'. पण मी कारकून आहे. समासात लिहायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.