तीन मजल्यांचा दम

गाडी सुटली तेव्हा बाबा खिडकीच्या बाजूने चालत आले. मला वाटलं, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत येतील. मिलमध्ये होते तेव्हा त्यांच्या चालीने चालायचं म्हणजे आम्हा पोरांना पळावंच लागायचं. पण ते चहाच्या ठेल्याशीच थांबले, कमरेवर हात ठेवून तोंडाने श्वास घेत राहिले. हात हलवायचाही राहिला. भोपाळपर्यंत मी काही जागेवर बसलो नाही. दारापाशी जा, परत ये. समोरचा माणूस शेवटी वैतागला, म्हणाला, बैठ जाओ भिया, गाडी अपने आप पहुँचेगी.

तुम्ही जे इंदूरलाच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, तुम्हाला मिल बंद झाल्यावरचं घर काय सांगू? बाबा विव्हिंग खात्यात हजेरीबाबू होते. कोण आला, कोणाचा खाडा, आणि त्या खाड्यावर बदली म्हणून कोणाला उभं करायचं, सगळं त्यांच्या रजिस्टरात. ज्याची त्याची हजेरी निळ्या शाईत, खाड्यावर आलेल्या बदलीवाल्याची लाल शाईत. साचा, म्हणजे माग, रिकामा राहता कामा नये, एवढाच त्यांचा धर्म. गेटला कुलूप लागलं आणि बाबा बडा गणपतीच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांत तखतावर जे बसले, ते बसलेच. दोन वर्षांत मंदिराच्या पायऱ्या चढतानाही सांस फुलायला लागली. डॉक्टर म्हणाले, दिल ठीक आहे, बसून बसून दम गेलाय, रोज पैदल फिरा.

नोकरी लागली त्या बंगलोरला मी तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. लिफ्ट नाही. दोघांना माझ्याकडे घेऊन जाईन, हे कबूल करवून घेऊनच आईने मला जाऊ दिलं होतं, आणि आता ते तीन मजले आडवे आले. ऑफिसातला एक जण पहाटे धावायचा, त्याच्याकडून मी प्लॅन लिहून घेतला. बारा आठवडे. सुरुवातीला सपाटीवर दहा मिनिटं, मग थोडं थोडं वाढवत पाऊण तास. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. शेवटी शेवटी जिने. छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं. सगळं पत्रात लिहिलं आणि खाली ठळक अक्षरात टाकलं: रोज रजिस्टरात मांडा.

इथेच माझं चुकलं. रजिस्टर म्हटल्यावर बाबांच्या अंगात मिल संचारली. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून शेजारच्यांकडे फोन लावायचो आणि बाबा आकडे वाचून दाखवायचे. सोमवार वीस मिनिटं, मंगळवार वीस. एकही खाडा नाही. दम कसा आहे विचारलं की म्हणायचे, हजेरी फुल आहे ना, मग? मी दिवसभर कंपनीची मशीनं दुरुस्त करत गावभर भटकायचो, जीव कुठे म्हणून लागत नव्हता. त्या आकड्यांवर तेवढा टेकायचा. बारावा आठवडा भरला आणि मी तिकिटं पाठवली.

आले दोघं. आई पदर खोचून, हातात पिशवी घेऊन तरातरा तिसऱ्या मजल्यावर पोहोचली आणि वरून विचारते, तुझं दार कोणतं रे? आवाजात धाप नाही. बाबा पहिल्या वळणावरच पायरीवर बसले होते, शर्ट घामाने ओला. पाणी पाजलं, जरा सावरले, तसं मी रजिस्टर मागितलं. त्यांनी खांद्यावरच्या झोळीतून काढून दिलं. निळे आकडे थोडे. बाकी पानंच्या पानं लाल.

"बाबा, हे काय?"

"माझ्याच्यानं होत नव्हतं त्या दिवशी हिला पाठवून राहिलो होतो. खाडा दिसला असता तर तू तिकिटं पाठवली नसती."

मला असा संताप आला म्हणता! माणसाच्या छातीला बदली चालते का? जिन्यातच ओरडलो. तेव्हा आई वरून म्हणाली, "त्यांना नको बोलू. मलाही यायचं होतं."

बसत-थांबत त्यांना वर नेलं. दहा दिवस राहिले, बाबा एकदाही खाली उतरले नाहीत. खिडकीशी उभे राहून रस्ता बघायचे. मग म्हणाले, इथे मन नाही लागत, जातो आम्ही. जिन्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. तळमजल्याची खोली शोधायला मी वर्ष लावलं, आणि तोवर बाबा गेले. आज लाज वाटते ती याची. बापाचा दम वाढवायला बारा आठवड्यांचा प्लॅन केला, पण खोली बदलावी हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता मी पन्नाशी ओलांडली. अकराव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, आणि डॉक्टरने मला तोच प्लॅन दिलाय. बुटांची नाडी बांधतो, सोडतो, ऑफिसचा कॉल येतो, दिवस जातो. आई बडा गणपतीलाच राहते. कितीदा म्हटलं ये म्हणून, येत नाही. पंचाहत्तरीतही रोज सकाळी चालते. मी नाही गेलो तर तिला माझ्या आवाजावरूनच कळतं.

"आज तुझा खाडा होता ना?" ती फोनवर म्हणते. "चौराह्यापर्यंत एक फेरा जास्तीचा मारून आले मी. लाल शाईत मांड."

मी मांडतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या महिन्यात निळं कमी आणि लालच जास्त आहे. इंदूर सोडून तीस वर्षं झाली, पण आई बदलीवर उभी आहे, तिथे माझा खाडा अजून पडलेला नाही.