खाऊ घालण्याचं इंग्रजी

हॉस्पिटलच्या कपडेखोलीत शिलाईमावशीची एकवीस वर्षं गेली. गाउनच्या तुटलेल्या नाड्या लावायच्या, अभ्र्यांना ठिगळं जोडायची, अगदीच विरलेल्या चादरीची फडकी करायची, हे तिचं काम. खोलीत दुसरं माणूस म्हणजे स्टोअरबाई. धुऊन आलेले कपडे वॉर्डावॉर्डांत पाठवण्याचं काम तिच्याकडे. दोघी एका डब्यात जेवायच्या. मावशीचा नवरा गेला तेव्हा स्टोअरबाई आपलं घर सोडून आठ दिवस तिच्याकडे राहिली होती.

मावशीची मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. नातू चार वर्षांचा, आणि त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. "त्याला समजतं गं आई, फक्त बोलत नाही," असं मुलगी म्हणायची, पण समजतही नव्हतं हे मावशीला फोनवर दिसायचंच. शेवटी तिने ठरवलं, तो आपल्याकडे येत नाही तर आपण त्याच्याकडे जाऊ.

"मी शिकवते की," स्टोअरबाई म्हणाली. ती बारावी झालेली. "त्यात काय एवढं."

मग जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यांआड शाळा भरू लागली. मावशी जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर इंग्रजी वाक्यं मराठी अक्षरांत उतरवायची आणि शिवता शिवता मशीनला ऐकवायची.

एका रविवारी फोनवर नातू जेवायला तयार नव्हता. मावशीला म्हणायचं होतं, ये इकडे, मी खाऊ घालते तुला. खाण्याला ईट म्हणतात एवढं पक्कं ठाऊक होतं. ती लाडात येऊन म्हणाली, "कम हिअर. आय विल ईट यू." वर पोरांना घास भरवताना करतात तसा फोनजवळ तोंड नेऊन मोठा 'आ' केला.

नातू किंचाळून टेबलाखाली शिरला. मुलगी हसून हसून बेजार. पण पुढचे तीन रविवार पोरगं फोनजवळ फिरकलं नाही.

मावशीने हे फक्त स्टोअरबाईला सांगितलं. सांगताना आधी हसली, मग तिचा बांध फुटला. "त्याला वाटतं, आजी राक्षसीण आहे." स्टोअरबाईने तिचे डोळे पुसले, 'फीड' हा शब्द लिहून दिला.

"कुणाला बोलू नकोस हं," मावशी म्हणाली.

"वेडी आहेस का? मी कशाला बोलू?"

दोन महिन्यांनी मेट्रनबाई निवृत्त झाल्या. जेवणघरात निरोपाचा कार्यक्रम होता. स्टोअरबाई माइकपाशी गेली आणि म्हणाली, "आमच्या खोलीतली एक गंमत सांगते."

तिने मावशीचा आवाज काढला, चष्मा नाकावर ओढला, शेवटी तो 'आ' केला. सगळं जेवणघर लोटपोट झालं. सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून मावशीही हसली. पण तिच्या लक्षात आलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बेतलेलं आहे. तेवढ्यात शेजारची सफाईवाली तिच्या कानाशी म्हणाली, "त्या दिवशी कँटीनमध्ये याहून रंगली होती."

दुसऱ्या दिवशी मावशीने मशीन सुरूच केलं नाही.

"किती जणांना सांगितलंस?"

"अगं, गंमत होती. सगळ्यांना किती आवडतेस तू."

"गंमत होती हे मलाही कळतं. तुझ्यासमोर हसलेच होते की मी. नंतर रडले, तेही सांगितलंस का?"

स्टोअरबाई हातातल्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घालत राहिली. "नाही. तेवढं नाही सांगितलं."

"का?"

"हसू गेलं असतं लोकांचं."

मावशीने रजिस्टर घरी नेलं. तिने वाचनालयातल्या शनिवारच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं. तिथे अनोळखी माणसांत ती धडाधड चुकायची, लोक हसायचे, तीही हसायची, आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. कपडेखोलीत मात्र तिने डबा वेगळा केला. भांडण नव्हतं. स्टोअरबाईने दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा मावशी "असू दे" म्हणाली. पण कामाशिवाय बोलणं होईना.

पुढच्या वर्षी मुलगी नातवाला घेऊन महिनाभर राहायला आली. दोन दिवस पोरगं आईच्या मागे लपलं. तिसऱ्या दिवशी फाटक्या कानाचा हत्ती घेऊन मावशीच्या मांडीवर येऊन बसलं आणि तो कसा फाटला याची लांबलचक हकिकत इंग्रजीत सांगू लागलं. एक शब्द सोडून मावशीला सगळी कळली. ती मध्ये मध्ये प्रश्नही विचारत होती.

रजा संपवून ती कामावर आली तेव्हा स्टोअरबाई दारातच उभी होती.

"काय गं, जमलं का नातवाशी?"

मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. हे सगळं ऐकून पोटभर हसेल आणि पोटभर रडेल असं माणूस तिला जगात एकच ठाऊक होतं.

"जमलं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.