मामांची नवी पाटी

मामांचे डोळे जात होते आणि मी सात आठवडे ई-रीडरची तुलना करत बसलो होतो.

आज मामांना जाऊन एक वर्ष झालं. म्हणून लिहितोय.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सांगलीजवळच्या माधवनगरच्या कापड गिरणीत तयार कापड तपासायचे. छोटं पितळी भिंग कापडावर ठेवून एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचे.

गिरणी बंद पडली. भिंग खिशात राहिलं.

मी दहावीला दोनदा नापास. शाळा सुटली ती सुटलीच.
सुट्टीत मामांकडे गेलो की ते रोज एक पान मोठ्याने वाचायला लावायचे आणि तेच पान लिहायला. आज चार ओळी नीट लिहितो ते त्यामुळे.

पुढे त्यांच्या मुलीने पुण्याहून त्यांना ई-रीडर आणून दिला. मामा त्याला 'पाटी' म्हणायचे. आठ वर्षं वापरला. मग एका रविवारी फोन आला.

"आरं, पाटीवरचे अनुस्वार दिसंनात. जरा बारीक विणीच्या पडद्याची नवी बघ की. तुला त्यातलं कळतं."

तुला कळतं!
मला असं कोणी म्हणत नाही. सातारा एमआयडीसीत मी स्टोअरला आहे, तिथे मी 'लय वेळ लावणारा' म्हणूनच प्रसिद्ध.

मी एक्सेलमध्ये टेबल केलं. चौदा कॉलम. इंचाला किती ठिपके, लाइट डोळ्यांवर येतो का, देवनागरी फॉन्ट कसा दिसतो, जोडाक्षर फुटतं का. पन्नास चांगल्या रिव्ह्यूंखाली एक वाईट दिसला की परत पहिल्यापासून.

दर रविवारी मामांचा फोन.
"झालं का रं?"
"मामा, नवीन मॉडेल येणार म्हणतात. थोडं थांबू."
"बरं."

एकदाही चिडले नाहीत.

आठव्या रविवारी मामा एसटीने स्वतःच साताऱ्यात आले. स्टँडवर उभे, हातात पिशवी, पिशवीत जुनी पाटी.
"चल, दुकान दाखव. आता माझ्यासमोर ठरव."

दुकानात दोन मॉडेल मांडून ठेवलेली होती. मामांनी खिशातून भिंग काढलं, तशा काउंटरवरच्या ताई घाबरल्या.
"आजोबा, स्क्रॅच पडेल!"
"बाई, हजारो वार कापड बघितलं ह्यानं. एक दोरा ओढला न्हाई."

आधी जुन्या पाटीवर ठेवलं, मग नव्या दोन्हींवर. सगळीकडे वाकून पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.
"तू बघ."

त्या भिंगाला मामांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

जुन्या पाटीवर प्रत्येक अक्षराच्या कडेला पायऱ्या पायऱ्या. नव्या दोनांतल्या एकीवर कड सरळ, अनुस्वार गोल.

"जुनी म्हणजे जाडंभरडं मांजरपाट. आन ही?"
"मलमल," मी म्हणालो.
"मग घे की गड्या. का मलमलीला बी रिव्ह्यू लागतो?"

ताई हसल्या. मीही हसलो. घेतली.

बाहेर चहा पिताना विचारलं, भिंग मला का दिलंत?

"भिंगातनं आता मला बारीक कायबी दिसत न्हाई. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा खराब होतोय, वाचायचं ते वाचून घ्या."
"कधी म्हणाले?"
"तुला पैला फोन केला, त्याच्या आदल्या दिवशी."

मी कप खाली ठेवला.

"मामा, मग सांगायचं ना! त्याच दिवशी आणली असती."
"आणली असतीस. आन मग चुकीची आणली का, चुकीची आणली का, करत जन्मभर बसला असतास. वळकत न्हाई व्हय मी तुला?"

नव्या पाटीवर मामांनी पाच महिने वाचलं. डोळे शेवटपर्यंत टिकले. हृदय टिकलं नाही.

वर्षभर माझ्या मनात एकच. त्या पाच महिन्यांच्या जोडीला ते सात आठवडेही त्यांना मिळायला हवे होते.

तिथीने वर्षश्राद्ध दहा-बारा दिवसांपूर्वीच झालं. सांगलीला गेलो होतो. मामी भाजी निवडत होत्या, त्यांच्यापाशी बसून हे सगळं सांगून टाकलं.

मामी म्हणाल्या, "आरं बाळा, ते सात आठवडे मी वाचून दाखवायची की त्यांना. जुन्या पाटीवरच. मी सातवी शिकलेली. झाडाझुडपाचं वर्णन आलं की गाळून टाकायची. तर लगेच म्हणायचे, 'मधलं पान कुठं खाल्लंस?' मी म्हणायची, 'ऐकायचं तर ऐका, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.' लय भांडलो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पर पुस्तकावरनं कवा भांडलो न्हवतो बघ."

मग भाजीची जुडी बाजूला सारून म्हणाल्या,
"तू नवी पाटी आणलीस, आन बसले परत गप, एकटेच वाचत. आणखी दोन आठवडे लावले असतेस तरी चाललं असतं."

हे त्यांना खरंच वाटतं, की माझ्या समाधानासाठी बोलल्या, मला माहीत नाही.

या वेळी ते शोधत बसणार नाही.

मामा, उशीर झाला. माफ करा.
तुमच्या आठवणीला मनापासून नमस्कार.