पेनहेलांची ‘लॉस्ट’ बायको

स्कारवेलच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत एड्ना क्लीझ्बीचं घर होतं. वरच्या तीन खोल्या ती भाड्याने द्यायची, जेवणासकट. घर लखलखीत, रविवारचं पुडिंग टम्म फुगलेलं, आणि मालकीणबाईंची नजर मात्र घारीची. कोळशाची बादली कुणी हलवली तरी तिला कळायचं.

लढाई संपून सात वर्षं झाली होती. त्या ऑक्टोबरात जॉरी पेनहेल नावाचा कॉर्नवॉलचा सुतार तिच्याकडे राहायला आला. होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. पहिल्याच रात्री जेवताना मिस ऑक्सटबीने चौकशी केली. ही पियानो शिकवणारी जुनी भाडेकरू.

“घरी कोण कोण असतं, मिस्टर पेनहेल?”

“कुणी नाही. बायको होती. आय लॉस्ट हर... फाल्माउथला,” म्हणून तो ताटातल्या बटाट्यांकडे बघत बसला.

आपल्याकडे ‘गेली’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, तसंच झालं. मिस ऑक्सटबीचे डोळे भरून आले आणि तिने ग्रेव्हीचं भांडं आधी त्याच्यापुढे सरकवलं. एड्नाच्या मनात मात्र तो शब्द कुसळासारखा रुतून बसला.

त्याला कारण होतं. तिचा नवरा वॉल्टर लढाईत सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. पहिली तार आली ती ‘मिसिंग’ची. त्या एका शब्दावर एड्नाने पावणेदोन वर्षं काढली. मिसिंग म्हणजे बेपत्ता. बेपत्ता माणूस दार वाजवू शकतो, म्हणून ती त्याचे बूट तेल लावून ठेवत असे. मग बोट सगळ्या माणसांसकट ‘लॉस्ट’, म्हणजे बुडालेली, धरल्याचं कळवण्यात आलं. त्याच दिवशी तिने बूट शेजारच्या कोळ्याला देऊन टाकले. गावच्या चर्चमधल्या दगडावर वॉल्टरच्या नावापुढे तोच शब्द कोरला होता.

“तू पण ना, एड्ना! सगळेच लॉस्ट म्हणतात,” तिची नणंद नोरा म्हणाली.

“म्हणतात. पण कधीतरी ‘वारली’ पण म्हणतात. ‘दिवंगत’ म्हणतात. आजारपणाचं सांगतात, डॉक्टरला शिव्या घालतात. हा बाबा एवढं एकच म्हणतो. आणि जिन्यात शीळ घालतो.”

“अगं बाई!” नोराने पेला खाली ठेवला. “खून केला असेल.”

“तू गप्प बस.”

पण त्या दिवसापासून एड्ना त्याच्या खोलीची कडी स्वतः तपासू लागली. त्याच्या ट्रंकेला कुलूप का? केमिस्टकडून लव्हेंडरचं पाणी कशाला आणलं? विचारलं तर म्हणाला, कसर लागू नये म्हणून कपड्यांत शिंपडतो. उत्तर इतकं सरळ होतं की तिचा संशय आणखीच वाढला.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात. एड्नाने त्या निमित्ताने सापळा लावला.

“मिस्टर पेनहेल, मी पाद्रीबाबांना वॉल्टरचं नाव द्यायला चाललेय. तुमच्या मिसेसचंही देते. काय नाव त्यांचं?”

त्याने चहाचा कप बाजूला सारला. “नको. तिचं नाव तिथे नको.”

“का बरं?”

“नको म्हटलं ना, बाई.” आणि तो टोपी घेऊन बाहेर पडला.

नोरा हवालदाराकडे जायला निघाली होती. एड्नाने तिला अडवलं. त्या संध्याकाळी पेनहेल कोळसा घेऊन स्वयंपाकघरात आला, तेव्हा तिने मागचं दार लावलं आणि शेगडीशेजारची लोखंडी सळई हाताशी ठेवली.

“एकच विचारते. तुमची बायको मेलीय का?”

त्याने बादली खाली ठेवली. “नाही.”

“मग कुठाय?”

“प्लिमथला. मिठाईचं दुकान आहे. फाल्माउथच्या फेरीबोटीवरच्या तिकीट तपासनिसाबरोबर गेली. त्याच्याशीही पुढे जमलं नाही म्हणतात.” मग हळूच म्हणाला, “खोटं नाही बोललो मी. गमावलीच ना? ‘सोडून गेली’ म्हटलं की लोक हसतात. ‘लॉस्ट’ म्हटलं की ग्रेव्ही पुढे करतात.”

एड्नाचा चेहरा लाल झाला. “ह्या गावात तो शब्द बुडालेल्यांचा आहे. त्यांच्या बायकांनी तो वर्षं वर्षं वाट बघून कमावलाय. तुम्ही तो ग्रेव्हीसाठी वापरलात? रविवारी टेबलावर खरं सांगा, नाहीतर दुसरी खोली बघा.”

रविवारी त्याने सांगितलं. उभं राहून, कान लाल करून. “माझी बायको जिवंत आहे. ती मला सोडून गेली.” मिस ऑक्सटबीने रुमालाने ओठ टिपले. ग्रेव्हीचं भांडं त्या दिवशी तिच्याकडून पुढे सरकलंच नाही. कारखान्यात महिनाभर त्याची टर उडाली. तो खाली मान घालून रंधा मारत राहिला.

पण एड्नाचं समाधान होईना. “सोडून गेली, की तुम्ही घालवलीत?” भांडी पुसता पुसता तिने एकदा विचारलं.

“दोन्ही थोडं थोडं असेल,” तो म्हणाला. “मी बोलायचो नाही फार.”

हे उत्तर तिला खरं वाटलं, आणि म्हणूनच भीती वाटली; तो तिला आवडू लागला होता.

फेब्रुवारीत त्याचा घटस्फोट झाला. मार्चमध्ये धक्क्यावर, सोसाट्याच्या वाऱ्यात, त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, “मला चार दिवस बहिणीकडे जायचंय. आल्यावर बघू.” बहीण लीड्सला होती. एड्नाने तिकीट काढलं ते प्लिमथचं; दुकानाचा पत्ता तिने घटस्फोटाच्या कागदांवर पाहून ठेवला होता.

मिठाईचं रेशन नुकतंच उठलं होतं, दुकानात ही गर्दी. काउंटरमागे लाल केसांची, गोबऱ्या गालांची बाई पेपरमिंट तोलत होती. एड्नाने पावशेर गोळ्या घेतल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, “एकट्याच सांभाळता? मिस्टर नाहीत?”

“होता एक सुतार. मी सोडला त्याला.” बाईने कागदाची पुडी वळली. “वाईट नव्हता हो. हात कधी उगारला नाही. पण घरात कपाट बोलेल, तो नाही बोलायचा. तुमच्याकडे आहे का कुणी?”

“नवरा लढाईत गेला,” एड्ना म्हणाली. “बोटीवर.”

बाईने आणखी दोन गोळ्या पुडीत टाकल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एड्ना परतली. पेनहेल चहा घेऊन उभा होता. तिने टेबलावर ठेवलेल्या पेपरमिंटच्या पुडीवर छापलेलं दुकानाचं नाव त्याने वाचलं, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“बहीण प्लिमथला असते होय?”

“नाही.”

“मग माझी तपासणी करून आलात तर.”

“आले.” एड्नाने हॅटची पिन काढली. “तुमच्या शब्दावर सगळं टेबल एकदा फसलंय. दुसऱ्यांदा कोण फसेल? आता विचारा.”

“काय?”

“धक्क्यावर विचारलं होतंत ते. आणि जरा मोठ्याने. बोलायची सवय करा.”