इनासभाऊंचा अर्ज

इनासभाऊ रुमाव एके काळी कॅथलिक पुरोहित होते, हे मला त्यांची ओळख होऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. तोवर ते माझ्यासाठी फक्त स्टोअरवाले इनासभाऊ होते. बहरीनमधल्या हिद्दच्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो आणि तिथलं स्टोअर ते सांभाळत. राहायला आम्ही दोघंही अरादला, एकाच इमारतीत. ते खाली, आम्ही वर. त्यांची बायको हिल्डाताई एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. दोघंही वसईकडची, मूलबाळ नाही. माझी बायको पुष्पलता बहरीनला नवीन होती तेव्हा हिल्डाताईंनीच तिला बाजार दाखवला, बस दाखवली, कुठल्या दुकानात तूरडाळ बरी मिळते ते सांगितलं.

१९९१ च्या आखाती लढाईत एका संध्याकाळी सायरन झाला तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या आतल्या खोलीत बसलो होतो. खिडक्यांच्या फटींना टेप लावलेली. इनासभाऊ भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होते. मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं.

"हे काय म्हणतायत?" पुष्पलतानं विचारलं.

"लॅटिन," हिल्डाताई म्हणाल्या. "घाबरला की ह्याला लॅटिनच आठवतं. अकरा वर्षं फादर होता ना तो."

इनासभाऊंनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. हिल्डाताईंनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. सायरन थांबला, आम्ही वर गेलो.

सांगितलं ते त्यांनी पुढं, स्वतःहून. शुक्रवारी सुट्टी. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही दोघं अरादच्या किल्ल्याच्या बाजूनं समुद्रापर्यंत चालत जायचो. मी बौद्ध घरातला, मला त्यांच्या धर्मातलं काही कळत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्यांना माझ्याशी बोलता येत असेल.

"पहिली हजार वर्षं आमच्यात लग्न झालेले पुरोहित होते, दशरथ," ते एकदा म्हणाले. "पोपसुद्धा. नवव्या शतकात दुसरा एड्रियन नावाचा पोप झाला. गादीवर बसला तेव्हा त्याची बायको आणि मुलगी हयात होत्या, त्याच्याजवळच राहत होत्या."

"मग हे बंद कोणी केलं?"

"सुधारकांनी." ते हसले. "अकराव्या शतकात चर्च नासलं होतं. पदं विकली जात होती, बापाची जागा मुलगा घेत होता. सातव्या ग्रेगरीला ते सगळं साफ करायचं होतं. त्यानं लोकांना हुकूमच दिला की बायको असलेल्या पुरोहिताच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊ नका. पुढच्या शतकात लॅटरनला धर्मसभा भरली. तिनं ठरवलं, पुरोहितानं लग्न केलं तर ते लग्नच नव्हे. चर्च सुधारलं, हे खरं आहे. पण त्या घराघरातल्या बायकांचं पुढं काय झालं, ते मी सेमिनरीच्या ग्रंथालयात पुष्कळ शोधलं. कोणीच धड लिहिलेलं नाही."

ते सेमिनरीत पुरोहित व्हायला शिकत होते तेव्हा रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. लॅटिनमधला मिस्सा मराठीत आला. वेदीकडे तोंड करून उभा राहणारा पुरोहित लोकांकडे वळला. त्या पोरांना वाटलं, एवढं बदललं तर उरलेलंही बदलेल. लग्नाची बंदी उठली नाही. पण सहाव्या पॉलच्या काळात निदान पद सोडायची वाट मोकळी झाली. पुरोहितानं रोमला अर्ज करायचा, पोपनं त्याला ब्रह्मचर्याच्या व्रतातून सोडवायचं, मग त्याचं लग्न चर्चमध्ये रीतसर लागायचं. जगभर हजारो लोक असे सुटले.

हिल्डाताई त्यांच्या गावच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या. पाच वर्षं दोघांनी एकमेकांना टाळून पाहिलं. शेवटी १९७८ च्या जूनमध्ये इनासभाऊंनी अर्ज केला. ऑगस्टमध्ये पोप वारले. त्यांच्या जागी आलेले पोप महिनाभरात वारले. तिसरे आले, त्यांनी हे सगळे अर्ज थांबवले. दोन वर्षांनी नवे नियम निघाले, ते फार कडक होते.

"जूनऐवजी जानेवारीत अर्ज केला असता तर कदाचित सुटलो असतो," इनासभाऊ म्हणाले. "पण लेन्टचे उपवास जवळ आले होते. म्हटलं, ईस्टर होऊ दे, लोकांना मध्येच कुठं सोडायचं."

वाट पाहून त्यांनी कोर्टात नोंदणी करून लग्न केलं आणि गावाच्या तोंडाला कंटाळून बहरीन गाठलं. चर्चच्या लेखी ते लग्न नव्हतंच. ते अजून पुरोहित होते, ज्यांना पुरोहिताचं काम करायला मनाई आहे असे पुरोहित. आणि हिल्डाताई त्यांच्याबरोबर पापात राहणारी बाई.

मला राग आला. मी म्हटलं, "इनासभाऊ, माझ्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन एका दिवसात सगळे देव टाकले. घरी आला आणि देव्हारा विहिरीत बुडवला. कोणाची परवानगी मागितली नाही. तुम्ही अजून रोमच्या तोंडाकडे कशाला बघताय?"

ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना ते देव नको होते. मला माझा हवा आहे रे. तीच तर पंचाईत आहे."

बहरीनमध्ये रविवारी सगळे कामावर, म्हणून मोठा मिस्सा शुक्रवारी व्हायचा. दोघं दर शुक्रवारी मनाम्याला चर्चमध्ये जात. एका नाताळला हिल्डाताई पुष्पलतालाही घेऊन गेल्या. घरी आल्यावर पुष्पलता म्हणाली, "सगळं चर्च उठून प्रसादाच्या रांगेत गेलं. गोव्याचे, केरळचे, फिलिपिनो, सगळे. ही दोघंच शेवटच्या बाकावर बसून राहिली. मी म्हटलं, ताई, जा ना. तर म्हणाल्या, आम्हाला चालत नाही. माझ्या आईला देवळाबाहेर उभं करायचे ना, ते आठवलं मला. पण ह्यांना तर कोणी अडवलंही नव्हतं. आपणहूनच बसली होती दोघं."

अर्ज तसा मेलेला नव्हता. त्यांचे सेमिनरीतले मित्र फादर बस्त्याव आता बिशपांच्या कार्यालयात होते. ते मधूनमधून फोन करत. त्र्याण्णव साली त्यांनी सांगितलं की नव्या नियमांतही एक वाट आहे. आपण मुळात पुरोहित व्हायला लायकच नव्हतो, घरच्यांच्या दबावाखाली किंवा मन अपक्व असताना व्रत घेतलं, असं इनासनं लिहून द्यावं, दोन साक्षीदार द्यावेत. मग प्रकरण पुढं सरकेल.

इनासभाऊंनी नकार दिला.

त्यावरून त्या घरात झालेलं भांडण आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. एरवी त्या घरातून आवाज यायचा तो फक्त भांड्यांचा.

"लिही ना! दोन ओळी लिहायच्या आहेत!" हिल्डाताई ओरडत होत्या.

"खोटं आहे ते, हिल्डा. मी चांगला पुरोहित होतो. मरणाऱ्यांच्या उशाशी बसलोय मी. लोकांची भांडणं मिटवलीत. ते सगळं खोटं होतं म्हणून सांगू?"

"मग मी खोटी राहू? बारा वर्षं मी शेवटच्या बाकावर बसतेय. तुझं खरेपण सांभाळायला?"

दार आपटलं. त्यानंतर कित्येक दिवस हिल्डाताई चर्चला एकट्याच जात. इनासभाऊ मागच्या बसनं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात हिल्डाताईंचं पोट फुगायला लागलं. त्या स्वतः नर्स, त्यांना आधीच कळलं असणार, पण सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. कॅन्सर बीजकोशातून सगळीकडे पसरला होता. ज्या दिवशी डॉक्टरनं हे सांगितलं त्याच दिवशी इनासभाऊंनी तो कागद लिहिला. 'मी लायक नव्हतो.' मला वाचून दाखवला. आवाज अगदी सपाट, स्टोअरमध्ये मालाची नोंद वाचून दाखवावी तसा. कुरियरनं बस्त्यावकडे पाठवला, तिथून तो रोमला गेला.

मग वाट पाहणं. हिल्डाताई सरकारी हॉस्पिटलमध्ये होत्या. पुष्पलता रोज डबा घेऊन जायची, त्या दोन घास खायच्या आणि वास घेऊनच पोट भरलं म्हणायच्या. रोज संध्याकाळी इनासभाऊ वर्कशॉपमधून थेट तिथं. फोर्कलिफ्ट चालवणारा रायगडचा शब्बीर आपल्या गाडीतून त्यांना सोडायचा. "खबर आयी क्या, मास्तर?" तो विचारायचा. त्याला वाटायचं बायकोच्या रिपोर्टची वाट बघतायत. "इंशाल्ला," इनासभाऊ म्हणायचे.

पोटातलं पाणी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, आता त्रास देण्यात अर्थ नाही. तेव्हा मनाम्याचे फादर आले. केरळचे, वयानं तरुण, स्वभावानं फार मऊ. त्यांनी हिल्डाताईंचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, मी तुम्हाला सगळं देतो. पापनिवेदन, आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल, ख्रिस्तप्रसाद. फक्त एवढं कबूल करा की झाल्याचा पश्चात्ताप आहे आणि यापुढं तुम्ही दोघं बहीणभावासारखे राहाल.

हिल्डाताई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "फादर, ह्या पलंगावर मी आणखी काय करणार आहे?" मग शांत होऊन म्हणाल्या, "यापुढचं कबूल. मागचं नाही. मागचं माझं लग्न होतं."

फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. प्रार्थना केली आणि उद्या परत येतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं तिथं होतो. हिल्डाताईंचा श्वास तुटक झाला होता, पण शुद्ध होती. त्यांनी इनासभाऊंना जवळ बोलावलं.

"इनास, तू ऐक माझं पापनिवेदन."

"फादर येतायत, हिल्डा. शब्बीर आणायला गेलाय."

"मला ते नकोत. तू पुरोहित आहेस. तूच सांगितलं होतंस मला, मरणाऱ्याचं पापनिवेदन कुठलाही पुरोहित ऐकू शकतो. काम बंद केलेलासुद्धा."

"हो."

"मग क्षमा दे. माझी सगळी पापं सांगते. आईला शेवटी भेटले नाही, ते सांगते. तुझ्यावर ओरडले, ते सांगते. पण हे लग्न सांगणार नाही."

आम्ही उठून बाहेर जायला लागलो, तेवढ्यात इनासभाऊंचं उत्तर ऐकू आलं.

"पश्चात्ताप नसेल तर क्षमा लागू होत नाही ग. मी शब्द उच्चारले तरी ते पोकळ होतील. तू नुसतं म्हण ना. माझ्यासाठी म्हण."

आम्ही दारातच थबकलो. हिल्डाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तूपण?" त्या म्हणाल्या.

आणि मान भिंतीकडे वळवली. इनासभाऊ पलंगाशी उभे होते. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. पुष्पलता पुढं झाली, हिल्डाताईंच्या कपाळावर हात फिरवत बसली. फादर आले तोवर त्यांची शुद्ध गेली होती. फादरांनी काही न विचारता तेल लावलं, म्हणायचं ते म्हटलं. पहाटे त्या गेल्या.

पुरतानाही फादरांनी काही कमी केलं नाही. त्या वाळूच्या कबरस्तानात पंधरा-वीस माणसं होती, निम्मी वर्कशॉपची. इनासभाऊ रडले नाहीत. परतताना गाडीत मला म्हणाले, "सातव्या ग्रेगरीला मी इतकी वर्षं शिव्या देत होतो, दशरथ. तो काल त्या खोलीत नव्हता. मीच होतो."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्याला काही अर्थ नव्हता, हे बोलतानाच मला कळत होतं.

महिन्याभरानं फादर बस्त्यावांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. इनासभाऊ नुसते "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवून खुर्चीत बसले.

"रोमचं काही आलं का?" मी विचारलं.

"अर्ज मागे घ्या म्हणतायत. आता त्याची गरज उरली नाही. बिशप म्हणाले, अडथळा दूर झालाय, इनासला परत यायचं असेल तर दार उघडं आहे. थोडा काळ एकांतात प्रार्थना करायची, मग पुन्हा मिस्सा म्हणता येईल. अडथळा म्हणाले, दशरथ. बस्त्याव वाईट माणूस नाही. त्याला वाटलं आनंदाची बातमी देतोय."

मला वाटलं ते उलटा फोन करून शिवी तरी देतील, निदान आता तरी ते चर्च सोडतील. त्यांनी काहीच केलं नाही. वर्षभर तसेच कामावर येत राहिले. स्टोअरमध्ये चुका व्हायला लागल्या, एका खेपेचा माल दुसऱ्याच खात्यात जायला लागला. साहेब बरा होता, पण कंपनीनं व्हिसा पुढं वाढवला नाही. गावचं घर भावांनी केव्हाच वाटून घेतलं होतं. हिल्डाताईंच्या माहेरच्यांनी तर लग्नापासून तोंड पाहिलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. एक बॅग, तीही अर्धी रिकामी.

नव्व्याण्णवला सुट्टीवर आलो तेव्हा मी आणि पुष्पलता त्यांना भेटायला वसईला गेलो. निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात राहत होते, आंब्याच्या झाडांत बांधलेली बैठी इमारत. पांढऱ्या झग्यात मी त्यांना ओळखलंच नाही. चहा घेऊन आलेली बाई त्यांना "फादर" म्हणाली. बाजूच्या गावात पुरोहित रजेवर असला की ते मिस्सा म्हणायला जात, असं तिनंच कौतुकानं सांगितलं. लोकांना त्यांचा आवाज आवडतो म्हणे.

"पापनिवेदनाला बसता का?" पुष्पलतानं सरळ विचारलं.

"बसतो."

"क्षमा देता?"

"सगळ्यांना देतो. आता काही विचारत नाही. जाळीपलीकडून जे कोणी जे काही सांगेल त्याला देतो." ते चहाच्या कपाकडे पाहत होते. "त्यानं काही होत नाही, पुष्पलता. मला ठाऊक आहे."

थोडा वेळ आम्ही बसलो. ते वर्कशॉपबद्दल, शब्बीरबद्दल विचारत होते. पुष्पलतानं सांगितलं की ती जमेल तेव्हा हिल्डाताईंच्या कबरीवर जाते, वाळू बाजूला करते, पाण्यानं फरशी धुते. त्यांनी मान हलवली. मग घंटा झाली, दुपारच्या प्रार्थनेची. ते उठले, बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर आत गेले. आम्ही बसस्टॉपवर आलो. उन्हात बराच वेळ बस आली नाही.