अँब्युलन्सच्या मागची जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, बंपर ऑफिसच्या पार्किंगमध्ये चेपला.

मी रिहे गावचा, नोकरी बावधनला. सकाळी भूगावच्या कोंडीत जीव नकोसा होतो, आणि त्या कोंडीत आम्हा शहाण्यांची एक युक्ती असते. तुम्हीही कधी केली असेल, नाही का? मागून सायरन येतो, गाड्या मुकाट बाजूला सरकतात, अँब्युलन्स पुढे जाते. वाट पुन्हा बुजायच्या आत आपण तिच्या मागे गाडी घालायची. अगदी चिकटून, कारण फट ठेवली की दुसरा घुसतो. ऑफिसात आम्ही त्याला लॉटरी म्हणायचो. मला ती बरेचदा लागायची, आणि चहाच्या वेळी मी ते फुशारकीने सांगायचो.

त्या दिवशी ताम्हिणीकडून आलेली अँब्युलन्स मिळाली. मी इतका जवळ होतो, की मागच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. एक सिस्टर उभी होती. बसून, पट्टा लावून ते काम होत नसावं. पेशंटच्या तोंडावर मास्क धरून ती उजव्या हाताने रबरी फुगा दाबत होती, त्याला श्वास देत होती. ओठ हलत होते — बहुधा मोजत होती. आणि मी? मी घड्याळ बघितलं. मीटिंग गाठता येईल, म्हणून खूश झालो.

पुढे कुणीतरी आडवं आलं. अँब्युलन्स थांबली. मी धडकलो, आणि काचेतून सिस्टर नाहीशी झाली.

किती वेळ? दोन श्वास? तीन? मग काचेच्या खालच्या कडेशी एक हात आला. मग चेहरा, कपाळावर रक्त. उजवा हात नुसता लोंबत होता. कोण धडकलं हे बघायला तिने मान वळवलीसुद्धा नाही. पेशंटच्या नातेवाइकाचा हात ओढून मास्कवर ठेवला आणि डाव्या हाताने फुगा दाबायला लागली. ओठ पुन्हा हलू लागले.

आमच्याकडे डोंगर आहेत, धरण आहे, लोक लांबून बघायला येतात. पण त्या काचेत दिसलं त्याच्याइतकं थोर मी काही पाहिलेलं नाही. माझे डोळे भरून आले. आणि तिला पाडलं होतं मीच.

ड्रायव्हर धावत आला. "डोळं फुटलं का रं? आत मानूस हाय!"

"ब्रेक लागला नाही हो," मी म्हणालो. आपसूक तोंडातून आलं.

त्याचा चेहराच बदलला. "मग कडंला लाव गाडी. फुडं नगं नेऊ, जीव जाईल तुजा." त्या घाईतही माझ्या जिवाची काळजी करून तो पळाला.

गेल्या महिन्यापासून गावच्या दवाखान्यातली नवी सिस्टर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बीपी बघायला घरी येते. पहिल्याच दिवशी दंडाला पट्टा बांधून तिने डाव्या हाताने फुगा दाबायला सुरुवात केली — आणि मी ओळखलं.

"डावऱ्या हाय का तुमी?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. उजवं मनगट वळत न्हाई आता. अँब्युलन्सवर व्हते, मागनं गाडी धडकली. लई आवडायचं ते काम, पर सुटलं." मग हसली. "पेशंट वाचला बगा पर. आन् त्या गाडीवाल्याचा बिचाऱ्याचा ब्रेकच लागला न्हाई. त्यो तरी काय करंल?"

मी चहाचा कप पुढे केला. तिने डाव्या हाताने घेतला.

ती दर मंगळवारी येते. मी चहा करतो आणि कप तिच्या डाव्या हाताशी ठेवतो. माझ्या गाडीचे ब्रेक उत्तम होते. आदल्याच आठवड्यात मी नवे बसवून घेतले होते.