दादांची चेष्टा, बाईंची शिक्षा

समोर कसलाही आरोपी येऊन बसो, आमच्या वकीलबाई पेनाचं मागचं टोक त्याच्या छातीवर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "हातानं काय केलं ते पोलिसांनी लिहिलंय. इथं काय होतं ते सांग."

इथं म्हणजे मनात. गुन्हा मनात होतो, हात नुसता हमाल, असं बाईंचं ठाम मत. बुऱ्हाणपूरच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये मी त्यांचा टायपिस्ट होतो. एकदा त्यांच्या वकालतनाम्यावर मी चहा सांडला. लगेच पेन छातीवर. "मुद्दाम?"

"नाही हो बाई, चुकून!"

"मग सुटलास," म्हणाल्या आणि दुसरा चहा मागवला. मी तोही सांडला. तोही चुकूनच, देवाशपथ! तेव्हा मात्र पेन जरा जोरात टोचलं.

बाई गेल्याला आता दीड वर्ष होईल. पण त्यांची आठवण आली की मला रडू येतच नाही, आधी हसूच फुटतं. त्याला मी काय करू?

बाईंचे वडील पेपर मिलच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे आलेले. त्यामुळे घरात मराठी, कोर्टात हिंदी आणि भांडताना दोन्ही. आमच्या गावात सगळ्यांचंच हे असं. शाहपूरच्या एका केळीवाल्या बाबांना जजसाहेबांनी विचारलं होतं, "आपकी शिक्षा कितनी हुई?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाबांनी हात जोडले. "एक पण नाही झाली साहेब, पहिल्यांदाच आलो!" बाई फाइलमागे तोंड लपवून गदगदा हसत होत्या, आणि आरोपी त्यांचाच!

पण खरा कहर केला तो लोधीपुऱ्यातल्या जलेबीवाल्या दादांनी. सत्तरीचा माणूस, हात गोड आणि जीभ तिखट. बाई त्यांची मावा जलेबी, म्हणजे खव्याची जिलबी, खाल्ल्याशिवाय युक्तिवादाला उभ्या राहत नसत. एक दिवस अन्नखात्याचे निरीक्षक दुकानावर आले आणि विचारलं, "इसमें क्या-क्या डालते हो?" दादांना लहर आली. म्हणाले, "सब डालते हैं साहब, साबुन भी डालते हैं. पेट साफ रहता है!"

निरीक्षकांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला, आणि अरे देवा! माव्यात खरंच कपडे धुवायच्या पावडरीचा अंश.

मावा बाहेरगावाहून यायचा. ओळखीचा माणूस, म्हणून पावती नाही की तपासणी नाही. कलम जेलचं होतं. दादा शेडमध्ये येऊन बसले. बाईंनी पेन टेकवलं. "इथं काय होतं?"

"इथं? मावाच होता वो बाई, दुसरं काय राहणार!" म्हणाले आणि एकदम रडायला लागले. "मी जेलात गेलो तं म्हातारी माझी अन्नाला शिवणार नाही."

"दादा, तुम्हाला काही होणार नाही. निर्दोष सुटाल. माझा शब्द."

कोर्टात जजसाहेबांनी दादांना विचारलं, "साबुन वाली बात आपने कही थी?" जजसाहेब रीवाकडचे, मराठीशी संबंध शून्य. दादा आपल्या हिंदीत म्हणाले, "वो तो मैंने चेष्टा की थी साहब."

झालं! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला सांगितलं, अभियुक्त स्वीकार करता है कि उसने चेष्टा की थी. दादाही जोरजोरात मान हलवताहेत, "हां साहब, सिर्फ चेष्टा की थी, रोज करता हूं!"

बाई ताडकन उठल्या. "सर, मराठी में चेष्टा यानी मज़ाक!" साहेबांना पटेना. बाईंनी मागे वळून अख्ख्या कोर्टालाच विचारलं, "अहो सांगा ना, तुमच्या घरी चेष्टा म्हणजे काय?" वकील, शिपाई, दुसऱ्या खटल्यातला एक चोर, सगळे एका सुरात ओरडले, "मस्करी!" साहेब हसून हसून लाल झाले. तो शब्द खोडला गेला. बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "मन साफ होतं हे सिद्ध झालं रे! आता कोण अडवतो?"

निकालाच्या दिवशी साहेबांनी शांतपणे वाचलं. "अदालत मानती है, आपका मन साफ था. लेकिन यह धारा मन नहीं पूछती. खाने वाले का पेट भी नहीं पूछता." धारा म्हणजे कलम. मावा तपासून घेतल्याचा कागद असता तर गोष्ट वेगळी. तो नव्हता. दोषी.

दादांचं वय बघून शिक्षा मात्र हलकी दिली: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं.

दादा बाकावर बसले. साहेब खुर्चीत जरा सरकले की दादा अर्धे उठायचे. दुपारी साहेब जेवायला उठले, तसे दादा आनंदानं थेट फाटकापर्यंत पोचले. शिपायानं दंडाला धरून परत आणलं. "बाबा, खाने का उठना नहीं, शाम का उठना!"

परत येऊन बघतात तर बाई त्याच बाकावर, पदर खोचून, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या. बाहेर अशील खोळंबले होते. मी बोलवायला गेलो तर हलेनात. शिपाई म्हणाला, "मैडम, सजा आपको थोड़े ही हुई है."

"यांना मी शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. "माझंही मन साफच होतं. पण शब्द मोडला ना? मग बसू दे."

दादांनी त्यांच्या डब्यातली पोळी मोडून घेतली. दोघं दिवसभर तसेच शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी साहेब उठले. सगळं कोर्ट उभं राहिलं. दादाही उठले. बाई उठल्या नाहीत. दिवसभर बसून त्यांचे पाय आखडले होते, डोळा लागला होता. दादांनी वाकून हात पुढे केला.

"बाई, उठा ना. कोर्ट उठलं."